दोन ओळींमधली जागा : ‘ईस्टर विंग्ज’च्या मराठी अनुवादाचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, वाचनगटाने ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेसाठी छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. आठ-दहा भक्तिकविता, जवळपास सगळ्या मुळातच मराठीत लिहिलेल्या. अनुवादित फक्त एक: जॉर्ज हर्बर्टची ‘ईस्टर विंग्ज’, म्हणजे ईस्टरचे पंख. पुस्तिकेचं संपादन माझ्याकडे होतं. अनुवाद एका निवृत्त शिक्षिकेने केला. गटात सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. पाळकसाहेब मजकूर तपासणार होते, भजनी मंडळातले पेटी वाजवणारे काका चालीचं बघणार होते आणि पानांची मांडणी गटातल्या एका तरुणीकडे होती. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. कविता, तिचे खर्डे आणि त्यांवरचे वाद मात्र जसे झाले तसे मांडले आहेत.

आधी कवितेविषयी. हर्बर्ट १५९३ साली जन्मला. केंब्रिज विद्यापीठाचा अधिकृत वक्ता होता, दरबारात मोठं पद मिळेल अशी चिन्हं होती. ते सगळं मागे पडलं आणि १६३० मध्ये तो विल्टशर परगण्यातल्या बेमर्टन या खेड्याचा पाळक झाला. तीन वर्षांत, चाळिशीही न गाठता, आजारपणात गेला. कवितांचं हस्तलिखित त्याने निकोलस फेरर या मित्राकडे पाठवलं होतं. त्याचा चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतो त्याप्रमाणे निरोप असा होता की, कुणा खचलेल्या जिवाला याचा उपयोग होईल असं वाटलं तर छाप, नाहीतर जाळून टाक. १६३३ मध्ये ‘द टेम्पल’ या नावाने तो संग्रह केंब्रिजला छापला गेला.

त्या छापील प्रतीत ‘ईस्टर विंग्ज’ची दोन कडवी समोरासमोरच्या दोन पानांवर आडवी छापली आहेत. पुस्तक फिरवून धरलं की दोन पक्षी पंख पसरून उडताना दिसतात. प्रत्येक कडव्यात दहा ओळी. पहिली ओळ दहा अक्षरांची, मग आठ, सहा, चार, दोन. तिथून पुन्हा दोन, चार, सहा, आठ, दहा. पहिल्या कडव्यात माणसाला वैभव देऊन घडवलं, त्याने ते मूर्खपणाने घालवलं, तो झिजत गेला आणि पाचव्या, दोन अक्षरी ओळीत पुरता दरिद्री झाला. सहावी ओळही दोनच अक्षरांची: ‘तुझ्यासवे’. तिथून कविता रुंदावते. दुसऱ्या कडव्यात हाच प्रवास कवी स्वतःच्या देहाचा सांगतो: लहानपणापासूनचं दुःख, आजार, लाज, आणि पाचव्या ओळीत ‘अगदी कृश’. पुन्हा ‘तुझ्यासवे’, पुन्हा चढण.

आपल्याकडे ख्रिस्ती भक्तीने कवितेचा देशी आकार घ्यायला फार आधी सुरुवात केली. फादर थॉमस स्टीफन्सचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूरला १६१६ मध्ये छापलं गेलं, म्हणजे ‘द टेम्पल’च्या सतरा वर्षं आधी. स्टीफन्स जन्माने विल्टशरचाच. एकाच परगण्याशी नातं असलेले दोन इंग्रज, एक जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघाचा धर्मगुरू, आणि एक अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चचा. एक मराठी ओवीत पुराण सांगत होता, दुसरा इंग्रजीत पंख रचत होता. बाईंनी हे गटात सांगितलं तेव्हा आम्हाला हा अनुवाद म्हणजे जुनं येणं वसूल करण्यासारखं वाटलं.

अडचण

बाईंचा पहिला खर्डा अभंगात होता. त्यात नवल काहीच नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये ते गेले. त्या काळात त्यांनी मराठी ख्रिस्ती भक्तीला अभंगाची वाट इतकी रुळवून दिली की आमच्या कानाला भक्ती म्हटलं की सहा-सहा-सहा-चारच ऐकू येतं. ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी’ या हरिपाठाच्या ओळीवरून ज्याला देवद्वार छंद म्हणतात, तोच हा. बाईंनी त्यात लिहिलं:

दिधले तू देवा / वैभव अपार /
वेडा मी गव्हार / घालविले

पडलो मी दीन / भवाच्या सागरी /
आता तूच तारी / मायबापा

काकांनी पेटीवर सूर धरला आणि पाच मिनिटांत चाल बसली. खोलीतल्या सगळ्यांना ते आवडलं, मलाही. पाळकसाहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, “बाई, हा सागर कुठून आला?”

मूळ कवितेत सागर नाही. बाई स्वतःच चपापल्या. त्यांनी तो आणला नव्हता, तो अभंगाबरोबर आला होता. ‘दीन’ म्हटलं की पुढे ‘भव’ येतो, ‘सागरी’ म्हटलं की ‘तारी’ येतो, ‘तारी’ म्हटलं की ‘मायबापा’. शतकानुशतकं वापरलेल्या छंदात शब्दांच्या जोड्या आधीच लागलेल्या असतात आणि घाईत लिहिणाऱ्याचा हात त्या जोड्यांवरच पडतो.

पुढच्या तासाभरात आम्ही मूळ आणि अभंग शेजारी ठेवून वाचले, तेव्हा चार गोष्टी हाती लागल्या. हर्बर्टच्या पहिल्या कडव्याच्या पहिल्या अर्ध्यात ‘मी’ नाहीच, ‘तो’ आहे: माणूस, आदाम. ‘मी’ येतो तो ‘तुझ्यासवे’च्या नंतर. अभंगात पहिल्याच चरणांत ‘मी’ शिरला, कारण अभंगाचा सूरच कबुलीचा. दुसरं, ‘तारी’मध्ये देव काठावर उभा राहून बुडत्याला ओढतो. ‘तुझ्यासवे’ हे बरोबर उडणं आहे, ओढून घेणं नव्हे. तिसरं, मूळ कडव्याची शेवटची ओळ म्हणते की पतनच माझ्या उड्डाणाला बळ देईल. ही ईस्टरची फार जुनी धारणा आहे. पाश्चात्त्य चर्चच्या ईस्टर जागरणातल्या लॅटिन स्तुतिगीतात आदामाच्या अपराधालाच ‘धन्य अपराध’ म्हटलेलं आहे, कारण त्याच्यामुळे असा तारणारा लाभला. अभंगात पतन ही निव्वळ आपत्ती राहिली, तिचं काही झालं नाही.

चौथी गोष्ट आकाराची, आणि सगळा वाद तिथूनच पेटला. अभंगातलं प्रत्येक कडवं त्याच मापाचं. पडणं आणि उठणं दोन्ही सहा-सहा-सहा-चारमध्ये सांगितलं जातं. जिभेला, श्वासाला, डोळ्याला कुठेही झीज जाणवत नाही. शेवटचा चार अक्षरी चरण आखूड असतो खरा, पण आपल्या कानाला तो विसावा वाटतो, टेकण्याची जागा. हर्बर्टच्या कवितेत आखूड ओळ म्हणजे उपास आहे.

समोर असलेले पर्याय

गद्य भावार्थ द्यावा, ही पाळकसाहेबांची पहिली सूचना होती. अर्थ सुरक्षित राहील, पण उपासनेत तो निवेदनासारखा वाटेल, म्हणून ती त्यांनी स्वतःच मागे घेतली. मुक्तछंदाचा विचार दोन मिनिटं टिकला.

मग उरले दोन. एक म्हणजे अभंगच ठेवायचा आणि भवसागरासारखी उसनवारी काढून टाकायची. काकांचा आग्रह याला होता, आणि त्यांचं म्हणणं वजनदार होतं: पुस्तिका लोक घरी नेऊन कपाटात ठेवतील, अभंग मात्र ओठांवर राहील. लक्ष्मीबाई टिळकांनी पतीमागे ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तचरित्रकाव्य पूर्ण केलं ते लोकांनी ओव्या म्हणाव्यात म्हणून, कुणी पानाचा आकार बघावा म्हणून नव्हे, असंही ते म्हणाले.

दुसरा पर्याय होता पंखांचा आकार मराठीत उभा करायचा. याला गटातल्या एका संस्कृत शिकलेल्या गृहस्थांनी कडाडून विरोध केला. हे चित्रकाव्य झालं, ते म्हणाले. कमळाच्या, तलवारीच्या आकारात श्लोक बसवायचे आपल्याकडेही खूप प्रयोग झालेत आणि ‘काव्यप्रकाश’कार मम्मटाने चित्रकाव्याला शेवटच्या पायरीवर बसवलं आहे. इंग्रजांनीही हेच म्हटलं होतं: १७११ मध्ये ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात निबंधकार जोसेफ ॲडिसनने अशा आकृतिकवितांची गणना खोट्या चातुर्यात केली आणि हर्बर्टचं नाव घेतलं.

मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटला आणि अजूनही वाटतो. त्याचं उत्तर एका साध्या चाचणीतून मिळालं. बाईंनी मूळ कविता सगळ्या ओळी डावीकडे सरळ लावून, पंखांचा आकार मोडून लिहून काढली आणि मोठ्याने वाचली. आकार गेला तरी श्वास आखूड होत गेला. ‘तुझ्यासवे’पाशी वाचणाऱ्याजवळ शब्दच उरत नाहीत, आणि तिथूनच ओळ वळते. पद्मबंधात कमळ काढून टाकलं तर श्लोकाचा अर्थ तसाच राहतो. इथे ओळींची लांबी काढून टाकली तर एक विधान नाहीसं होतं: माणूस जिथे सगळ्यात कमी उरला आहे, नेमक्या तिथे देवाची साथ लागते. हे विधान कवितेत कुठेच शब्दांत केलेलं नाही. ते फक्त लांबीत आहे.

त्यानंतर निर्णय झाला. पंखांची रचना घ्यायची, आणि तीही डोळ्यासाठी नव्हे, कानासाठी. काका नाराज झाले. त्यांना शब्द दिला की अभंगही दुरुस्त करून वेगळा वापरू.

कृती: कंबर किती बारीक?

मराठी छंदांत अक्षरं मोजतात, त्यामुळे दहा-आठ-सहा-चार-दोन हे माप आपल्याला परकं नाही. अडलं ते कंबरेपाशी, म्हणजे पंखांच्या मधल्या सगळ्यात आखूड दोन ओळींपाशी. इंग्रजीत ‘तुझ्यासवे’ दोन अक्षरांत होतं. मराठीत तु-झ्या-स-वे, चार. ‘तुशीं’ असं जुनं रूप सुचलं, पण पहाटेच्या अंधारात ऐकणाऱ्याला ते कळलं नसतं. नुसतं ‘संगे’ लिहिलं तर ‘तू’ गळतो, आणि ‘तू’ गळला तर उरलं काय?

बाई तीन दिवस यावर अडून बसल्या. शेवटी त्यांनी सगळ्या पंखालाच दोन अक्षरांनी रुंद केलं: बारा, दहा, आठ, सहा, चार, चार, सहा, आठ, दहा, बारा. कंबर मुळापेक्षा जाड झाली हे नुकसान आहेच. पण एक लाभ न मागता मिळाला. चार अक्षरं म्हणजे अभंगाच्या शेवटच्या चरणाचं माप. मराठी कानाला तिथे संपल्यासारखं वाटतं. कविता संपली असं वाटतं आणि लगेच तेवढ्याच मापाची दुसरी ओळ सुरू होते. अभंगाचा जो विसावा आम्हाला आधी आड येत होता, तो इथे कामाला आला.

मूळ यमकं सगळी पाळली असती तर पुन्हा भवसागर आला असता, म्हणून दोनच ठेवली: पहिली आणि पाचवी ओळ, सहावी आणि दहावी. पहिलं कडवं असं झालं:

प्रभो, तू माणसा वैभवाचा दाता,
वेडेपणे त्याने घालविले,
कणकण झरत तो
होत होत झाला
पार रिता.

तुझ्यासवे
उडू दे मलाही
चंडोलासारखा गात
आजच्या दिनी तुझे विजय;
पडण्यानेच उडण्या बळ द्यावे.

‘दरिद्री’ऐवजी ‘रिता’ घेतल्याने पैशाचा वास गेला. शेवटच्या ओळीसाठी बाईंनी पाच-सहा खर्डे फाडले. मुळात पतन आणि उड्डाण यांना एकाच आद्यध्वनीने बांधलेलं आहे. ‘पडण्या’ आणि ‘उडण्या’ यांत एकाच अक्षराचा फरक आहे, बाकी देह तोच. मला ती या अनुवादातली सगळ्यात सुंदर जागा वाटते.

कृती: कुणाचा पंख कुणाला?

दुसऱ्या कडव्यात एक शब्द आहे जो ससाणे पाळणाऱ्यांचा आहे. शिकारी पक्ष्याचं पीस तुटलं की पाळणारा तुटकं टोक कापतो, गळून पडलेलं तसंच पीस घेतो आणि बारीक सुई दोन्ही देठांच्या पोकळीत बसवून सांधतो. पक्षी पुन्हा उडतो. या क्रियेचं क्रियापद हर्बर्टने वापरलं आहे: मी माझा पंख तुझ्या पंखावर असा सांधला तर क्लेशच माझं उड्डाण पुढे नेईल.

मराठीत या कामाला चटकन कळेल असा शब्द आम्हाला मिळाला नाही. ‘कलम करणं’ जवळचं होतं, आणि बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलाने रानटी जैतुनाची फांदी कलम केल्याचा जो दाखला दिला आहे, त्याची आठवणही त्याने जागी झाली असती. पण पक्ष्याचं झाड झालं असतं. बाईंनी ‘जडणे’ घेतलं आणि ओळ लिहिली: ‘माझ्या पंखी तुझे पीस जडो’. दहा अक्षरं, अर्थ सरळ, क्रियेशी प्रामाणिक. तुटका पंख माझा, धड पीस तुझं.

यावर पाळकसाहेब अडले. मुळात दिशा उलटी आहे. माझा पंख तुझ्यावर जायचा आहे, तुझं पीस माझ्याकडे यायचं नाही. “बाई, तुमच्या ओळीत मी दुरुस्त होऊन माझ्याच पंखांनी उडतो,” ते म्हणाले. “त्याच्या ओळीत पंख देवाचा आहे, मी त्याला चिकटलोय.” स्तोत्र ९१ मध्ये माणूस देवाच्या पंखांखाली आश्रय घेतो, हर्बर्ट पंखाखालून पंखावर गेला, असं त्यांनी दाखवलं. बाईंचं उत्तर असं की, ससाण्याच्या बाबतीत नेहमी तुटक्याच पंखात पीस घालतात, धड पंखाला तुटका पंख कुणी लावत नाही.

दोघंही बरोबर होते, आणि कवीने नेमकं तेच विचित्र करून ठेवलं आहे: व्यवहारातली क्रिया घेऊन तिची दिशा फिरवली. आम्ही कवीच्या बाजूने गेलो. ओळ झाली: ‘तुझ्या पंखी माझा पंख जडो’. अक्षरं पुन्हा दहाच. शब्दांची जागा बदलली आणि तारणाविषयीचं मत बदललं. एक गोष्ट मात्र त्या बैठकीत कुणाच्याच लक्षात आली नाही, ती पुढे येते.

त्याच कडव्यातल्या आठव्या ओळीवरही थोडं थांबावं लागलं. छापील इंग्रजी पाठात तिथे ‘या दिवशी’ अशा अर्थाचे दोन शब्द आहेत, आणि त्यांच्यामुळे ती ओळ मापाबाहेर जाते. काही संपादक ते शब्द गाळतात. आम्ही ‘आज कळो तुझा जय’ असं आठ अक्षरांत बसवून ‘आज’ वाचवला. ईस्टरच्या कवितेतून ‘आज’ काढायला कुणाचा हात धजला नाही.

कृती: छपाईचं नमुनापान

मांडणीवाल्या तरुणीने मजकूर छपाईकडे पाठवला आणि नमुनापान आलं. कुणीतरी तिथे जागा वाचवली होती. पाचवी आणि सहावी ओळ दोन्ही आखूड दिसल्या म्हणून एकत्र केल्या होत्या, पूर्णविराम आणि मधली मोकळी जागा दोन्ही गायब. पानावर छापलं होतं:

पार रिता तुझ्यासवे

म्हणजे देवाच्या सहवासात माणूस पुरता रिकामा झाला! बाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

टंकणाऱ्याचा दोष म्हणून हे सोडून देता येईल. मला त्यातून उलट असं दिसलं की कवितेचा सगळा भार त्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेवर आहे, आणि ती जागा आम्ही कुठेच पक्की केली नव्हती. मूळ इंग्रजीत तिथे विरामचिन्ह आहे, पण ओळी जोडूनच येतात. आम्ही एका ओळीइतकी जागा मोकळी सोडली होती ती केवळ बाईंच्या वहीत तशी होती म्हणून. आता तो विचारपूर्वक निर्णय झाला. पूर्णविराम ठळक राहील, जागा राहील, आणि छपाईला पाठवताना कविता चित्र म्हणून पाठवायची, जेणेकरून ओळी कुणी हलवू शकणार नाही.

तरुणीने आणखी एक गोष्ट दाखवली. अक्षरं मोजून बरोबर असली तरी देवनागरीत रुंदी अक्षरांच्या संख्येने ठरत नाही. आठ अक्षरांची ‘कणकण झरत तो’ आणि सहा अक्षरांची ‘होत होत झाला’ डोळ्याला जवळपास सारख्याच दिसतात. अक्षरांमधलं अंतर ताणून पंख सुबक करता आला असता. आम्ही ताणला नाही. मधल्या रेषेवर ओळी लावल्या आणि पंख थोडा वाकडा राहू दिला.

कृती: अंधारात आकार कसा ऐकू येणार?

पहाटेच्या उपासनेत पुस्तिका कुणी उघडत नाही. म्हणून वाचन आवाजांवर रचलं. पहिली ओळ गटातल्या नऊ जणांनी मिळून, दुसरी सात जणांनी, मग पाच, मग तीन, आणि ‘पार रिता’ एकट्या बाईंनी. थांबायचं.

पुढची ओळ कुणी म्हणायची यावर शेवटच्या तालमीपर्यंत वाद होता. मला वाटत होतं की ‘तुझ्यासवे’ दोघांनी म्हणावं, साथ ऐकू यावी. पाळकसाहेबांना देवाच्या वाट्याला माणसाचा आवाज देणं पटेना. निर्णय बाईंच्या वाचनाने झाला. त्यांनी दाखवलं की हर्बर्टने त्या दोन ओळी सारख्याच लांबीच्या ठेवल्या आहेत. ‘तुझ्यासवे’ म्हणताना माणूस अजून तेवढाच कृश आहे, काहीही वाढलेलं नाही, दिशा तेवढी बदलली आहे. म्हणून तीही ओळ त्याच एका आवाजाने म्हणायची. वाढ पुढच्या ओळीपासून.

तालमीत एक तांत्रिक घोटाळाही उघडा पडला. अभंग गाताना प्रत्येक अक्षराला पूर्ण मोल मिळतं, बोलताना शेवटचे अकार गळतात. आमच्या आठ अक्षरी ‘कणकण झरत तो’चे बोलण्यात पाचच ठोके उरतात. उतरणीला याचा फायदा झाला: अकरा, नऊ, पाच, चार, तीन. चढणीवर मात्र मार बसला, कारण बारा अक्षरांची शेवटची ओळ बोलताना आठ ठोक्यांची होते. पंख जितका उघडायला हवा तितका उघडत नाही. वेळ संपली होती. ती ओळ सावकाश, शब्द सुटे करून म्हणायची एवढाच उपाय केला.

निष्पत्ती

वाचन झालं. ‘पार रिता’ मागच्या रांगांना नीट ऐकू गेलं नाही. बाईंचा आवाज मुळात हळू, आणि समोर मोकळं मैदान. पण सगळे आवाज एकेक करून गळत गेलेले मागेही कळले, कारण नंतर दोघा-तिघांनी मला विचारलं, “मध्ये सगळे गप्प का झाले होते?” हा प्रश्न ऐकून मला बरं वाटलं. कविता तिथेच घडते.

काहींनी स्पष्ट सांगितलं की हे गाता आलं असतं तर बरं झालं असतं. काकांनी अभंग दुरुस्त केला, ‘भवाच्या सागरी’ काढून टाकलं, आणि तो पुढे भजनात दोनदा म्हटला गेला. लोकांना तो पाठ आहे. पंखांची कविता कुणाला पाठ नाही. काकांचा अंदाज खरा ठरला, हे नोंदवलंच पाहिजे.

पुस्तिका मिळाल्यावर आठवड्याने पाळकसाहेबांचा फोन आला. दुसऱ्या कडव्यातल्या ‘जडो’वर त्यांची नजर अडली होती. मूळ वाक्य अटीचं आहे: ‘जर मी सांधला तर’. आम्ही ते प्रार्थनेचं केलं: ‘जडो’. दिशेच्या वादात आम्ही इतके गुंतलो होतो की ‘जर’ गळाल्याचं कुणीच पाहिलं नाही. हर्बर्टच्या वाक्यात माणसाला काही करायचं आहे. आमच्या ओळीत तो फक्त मागतो. म्हणजे अभंगाचा याचनेचा सूर आम्ही पुढच्या दारातून बाहेर काढला आणि तो मागच्या दाराने परत आला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, अभंगात उतरवायच्या अगोदर मूळ कविता मोठ्याने वाचायला हवी होती. आम्ही अर्थ समजून घेतला, मग छंद निवडला, आणि छंद निवडल्यावर आकाराकडे पाहिलं. क्रम उलटा असता तर दोन आठवडे वाचले असते. तरीही पहिला खर्डा वाया गेला असं मी म्हणणार नाही. भवसागर कागदावर आल्यामुळेच मूळ कवितेत काय नाही हे दिसलं, आणि त्यातून काय आहे ते.

टिळकांच्या परंपरेला आम्ही फार पटकन प्रमाण मानलं. त्यांचे अभंग अभंग म्हणूनच जन्मले. त्यांत ख्रिस्ताशी बोलणारा माणूस त्या छंदात विचार करतो. दुसऱ्या आकारात जन्मलेली कविता त्यात ओतणं हे वेगळं काम आहे, आणि त्याला त्या परंपरेचा आधार आपोआप मिळत नाही. काकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ‘तारी’ आणि ‘तुझ्यासवे’ यांतला फरक ऐकणाऱ्याच्या श्रद्धेत भरून निघतो.

अक्षरं मोजण्याबरोबर बोलण्यातले ठोकेही पहिल्याच दिवशी मोजायला हवे होते. आणि नमुनापान आल्यावर कुणीतरी ते मोठ्याने वाचायचं, हा नियम आता गटाने केला आहे.

‘जडो’चं अजून ठरलेलं नाही. बाईंनी ‘तुझ्या पंखी जर पंख जडे’ अशी ओळ पाठवली आहे. दहा अक्षरं भरतात, ‘जर’ परत येतो, पण ‘माझा’ जातो. पंख कुणाचा हे मग ऐकणाऱ्याने ओळखायचं. पाळकसाहेबांना ती चालेल. बाईंना स्वतःलाच ती पटत नाही. ‘माझा’ शिवाय ती ओळ कुणीही म्हणू शकेल, असं त्या म्हणतात. पुढच्या ईस्टरपर्यंत वेळ आहे.